एक पील ठेवायचं असतं

आमच्या दाजींच्या फोनमध्ये माझं नाव 'रद्दी' असं लिहिलेलं आहे. मी नेपानगरच्या कागद कारखान्यात जन्म घालवला आणि अजूनही सकाळी हातात पेपर आल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही, एवढाच माझा गुन्हा. ही गोष्ट मला मरेपर्यंत कळली नसती. पण माझ्या भाचीनं, निशानं, आईबापाचे दोन्ही फोन एकमेकांना जोडून दिले आणि दाजींच्या फोनमधली सगळी नावं आपोआप माझ्या थोरल्या बहिणीच्या, मालूआक्काच्या फोनमध्ये येऊन बसली. एका सकाळी मी तिला फोन लावला, तर तिच्या पडद्यावर रद्दी वाजायला लागली.

"कोन बोलतं? आमच्याकडे काही नही द्यायले," आक्का म्हणाली.

"आक्का, मी संतोष."

"मंग इथी रद्दी काहाले लिहून येऊ राह्यलं?"

मग तिनं चष्मा लावून एकेक नाव तपासलं. ती स्वतः 'डीपी' निघाली. डीपी म्हणजे शेताच्या कडेला खांबावर असतो तो विजेचा ट्रान्सफॉर्मर, ज्याला शहाणा माणूस हात लावत नाही. आक्कानं जाब विचारला तेव्हा दाजी जराही न अडखळता म्हणाले, "अवं, साऱ्या शेताले लाईट तिथूनच येते ना." असा माणूस. त्याला कोंडीत पकडायला गेलं की आपलाच हात दारात सापडतो.

चुडामणदाजी बहादरपूरचे. घरची केळी, वडलांची केळी, त्यांच्या वडलांचीही केळीच. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना केळीवरून समजते आणि ते दुसऱ्यालाही ती केळीवरूनच समजावतात. लग्नाला गेले तर नवरानवरीकडे नंतर बघतील, आधी मांडवाच्या दाराला बांधलेले केळीचे खांब बघतील आणि कुणी कापले, किती वाकडे कापले, ते चारचौघांत सांगतील. माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी हेच केलं होतं. ते खांब त्यांच्याच बागेतले होते, हे त्यांना नंतर कळलं.

निशा इंदूरला नोकरी करते. तिनं बापाला नवा फोन दिला, आईला दुसरा, आणि आपला जुना टॅब शेतातल्या खोलीवर ठेवायला दिला. तिन्हींवर खातं एकच. कशावरही फोटो काढला तरी तो तिन्हीकडे दिसायचा. हे कसं होतं ते दाजींना समजावताना तिनं फार मोठी चूक केली. तिनं केळीचं उदाहरण दिलं.

"बाबा, सिम्पल है. खाली कंद एक, त्याच्यातून वर कोंब फुटतात ती पिलं. फोटो तुम्ही काढा, नही तं आईनं काढो, तो कंदात जातो. तिथून तुमच्या फोनले, आईच्या फोनले, टॅबले त्याचं एकेक पील फुटतं. समझे?"

"समझे," दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही वाटलं, आता हे आपल्याला शिकवणार.

मी तिथेच बसलो होतो. मी विचारलं, "आणि हा कंद पुरलाय कुठे?"

"मामा, क्लाउडमध्ये. ढगात म्हना."

कंद ढगात! मी दाजींकडे पाहिलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा केळीवाला, पण त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग तिन्हीकडे पिलं फुटायला लागली. दाजी बागेत करपा पडलेल्या पानांचे फोटो काढायचे, पुढून, मागून, उन्हात धरून. आक्का भजनी मंडळाच्या बायकांना हौसेनं आपल्या नव्या पातळाचा फोटो दाखवायला जायची आणि बोट सरकलं की एकामागून एक करपलेली पानंच पानं. बायका म्हणायच्या, मालूबाई, तब्येत तर बरी आहे ना घरी? आणि एकदा दाजी औषध आणायला म्हणून बऱ्हाणपूरला गेले आणि हलवायाच्या दुकानात उभं राहून त्यांनी मावा जलेबीचा फोटो काढला. दाजींना साखर आहे. फोटो का काढला, ते त्यांनाही सांगता येणार नाही. खायच्या आधी काढायचाच अशी सवय झालेली. ते घरी पोचायच्या आधी जलेबी घरी पोचली होती. आक्का दारातच फोन हातात धरून उभी.

"पील फुटलं बरं का तुमच्या जलेबीचं," ती म्हणाली.

त्या दिवशी मला ढगाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

पण आता जे सांगायचं आहे ते आमच्या आईबद्दल. आई, सखूबाई, माझ्याकडे नेपानगरला असायची. वडील मिलमध्ये लागले तेव्हा ती खानदेशातून इकडे आली आणि येताना हातात मांडे घेऊन आली. मांडा म्हणजे नुसती मोठी पुरणपोळी नव्हे. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत, झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि पालथ्या खापरावर असा टाकायचा की त्याला कुठे सुरकुती पडता कामा नये. आईचा मांडा धरून पलीकडचा माणूस ओळखता यायचा. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आक्का आणि दाजी आमच्याकडे आले, तेव्हा मागच्या अंगणात चूल मांडून तिनं मांडे केले आणि आक्काच्या सांगण्यावरून दाजींनी त्याचा भला मोठा व्हिडिओ काढला. दिवाळीनंतर आई झोपेतच गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, सगळ्यांत ती गंभीर तोंड करून ताठ बसलेली. हलणारी, बोलणारी, आम्हाला झापणारी आई तेवढ्या एका व्हिडिओत होती.

आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि आमरस-मांड्यांचा घास दाखवतात. यंदा आईची पहिली घागर. ती भरायची माझ्या घरी, आणि आखाजीला माहेरी आलेली लेक मांडे करणार, असं आक्कानं जाहीर करून टाकलं होतं. माझी बायको अर्चना म्हणाली की पुरणपोळ्या करू ना, आईंना चालेल. आक्का म्हणाली, आईले नही चालत. तेव्हापासून ती रोज दुपारी ओट्यावर फोन टेकवून आईचे हात बघायची आणि तसे हात फिरवायची. सुरुवातीचे मांडे म्हणजे मच्छरदाण्या होत्या. दाजी त्या निमूटपणे खायचे. पण हळूहळू भोकं कमी व्हायला लागली, आणि आक्का फोनवर मला सांगायची की आई मनगट कुठे वळवते ते आज दिसलं.

आणि आखाजी तोंडावर आलेली असताना दाजींच्या फोनवर सूचना आली की जागा संपली.

केळीच्या बुडाशी सारखी पिलं फुटत असतात. ती आईच्या, म्हणजे मूळ झाडाच्या, वाट्याचं खतपाणी ओढतात, घड बारीक राहतो, म्हणून शेतकरी विळा घेऊन ती कापत जातो. जे पील कापूनही डोकं वर काढतं, त्याच्या चिरेत रॉकेलचे थेंब सोडतात. दाजींनी हे जन्मभर केलं आहे. त्यांनी आक्काचा फोन उघडला आणि बघतात तो काय, त्यांच्या फोनमधला एकेक फोटो तिथेही. सगळी पिलं! हीच जागा ओढतात, दुसरं कोण? आक्का मंदिरात गेली होती. दाजी बाजेवर बसले आणि मन लावून त्यांनी तिच्या फोनमधली सगळी पिलं कापली. मग त्यांना एक कचऱ्याची पेटी दिसली आणि तिच्यात कापलेली सगळी पिलं जिवंत. फोन सांगत होता की ही अजून काही दिवस इथे राहतील. दाजी मनात म्हणाले, असं का? आणि पेटीही रिकामी केली. रॉकेल सोडलं.

मग समाधानानं त्यांनी आपला फोन उघडला. त्यात काहीच नव्हतं. करपा नाही, जलेबी नाही, आई नाही.

मला आक्काचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "संतोष, आई गेली रे." ती तर दिवाळीनंतरच गेली होती. तरी मी मिळेल ती गाडी धरून बहादरपूरला पोचलो. आक्का ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात भिजवलेली कणीक तशीच वाळत होती. दाजी अंगणातल्या लिंबाशेजारी उभे होते. भर दुपारी, उन्हात. सावली दुसऱ्या बाजूला होती, पण तिकडे आक्काची नजर जात होती.

मला दाजींचा असा राग आला होता की काय सांगू. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. कागद असता तर गेला असता का, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. पण त्यांचा चेहरा बघून ती सगळी मी गिळून टाकली.

"मले वाटलं, आई माझ्या फोनात राहीन," दाजी म्हणाले. "मी तं पिलं कापली."

निशाला आधीच फोन झाला होता. ती म्हणत होती की पेटी रिकामी केली म्हणजे गेलं, वापस नही येत. तिच्याकडे वेगळा व्हिडिओ नव्हता, तीही त्याच कंदातून बघायची. माझ्या घरात बटनांचा एकच फोन, त्यात व्हिडिओ येत नाही. निशा तिकडे रडत होती आणि पुनःपुन्हा म्हणत होती की माझीच गलती हाये, केळीचं उदाहरण द्यायलाच नको होतं.

तेव्हा आक्का पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही.

"बागेत पिलं कापता तवा एक ठेवता ना? पुढच्या बागेसाठी? सारी कापनारा शेतकरी पाह्यला का तुम्ही कधी?"

दाजींनी मान खाली घातली. बराच वेळ ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग एकदम थांबले.

"टॅब," ते म्हणाले. "शेतातल्या खोलीत टॅब हाये. त्याचं वायर उंदरानं कातरलं, तवापासून बंद पडेल हाये. त्याच्यात असीन."

"त्यात कसा असेल?" मी म्हणालो. "निशा म्हणाली, शेतात नेटवर्क नाही, तिथे फोटो उतरतच नाहीत."

"असीन म्हनतो ना," दाजी माझ्यावर खेकसले.

निशाला परत फोन लावला. ती आधी किंचाळली आणि मग घाईघाईनं सूचना द्यायला लागली. टॅब बंद आहे, म्हणजे त्याला काही माहीतच नाही. ज्या क्षणी त्याला इंटरनेट सापडेल, त्या क्षणी त्याला कळेल की वर सगळं पुसलंय, आणि तोही पुसून टाकेल. "बाबा, घरी बिलकुल आणू नका. घरचा वाय-फाय त्याले पाठ हाये. आन तुमच्या फोनचं हॉटस्पॉट पन. मामाच्या घरी न्या. मामाकडे काहीच नही."

एवढ्या वर्षांत माझ्याकडे काही नाही, याचं कौतुक प्रथमच झालं. मी दाजींकडे बघून जरासा खाकरलो.

दाजींनी पिकअप काढली. शेतातल्या खोलीत फळीवर, फवारणीच्या पंपामागे टॅब होता. आम्ही तिघं त्याच्याकडे असे बघत उभे राहिलो, जणू आवाज केला तर तो उठेल. निशानं सांगितलं होतं की बंद आहे तोवर काही होत नाही. पण दाजींचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता. त्यांनी खोलीतला पीठ ठेवायचा स्टीलचा मोठा डबा रिकामा केला, टॅब केळीच्या पानात गुंडाळून त्यात ठेवला आणि झाकण घट्ट बसवलं.

"पान कशाला?" मी विचारलं.

"राहू दे," दाजी म्हणाले.

आक्कानं डबा मांडीवर घेतला. नेपानगरपर्यंत रस्त्यात मोबाइलचा टॉवर दिसला की दाजी गाडी जोरात काढत आणि आक्का झाकणावर दोन्ही हात दाबून धरी. माणसं कुणाच्या अस्थीसुद्धा इतक्या जपून नेत नाहीत. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी मी मनातल्या मनात आईला म्हणत होतो की आई, जाऊ नकोस.

माझ्या दारात दाजींनी स्वतःचा आणि आक्काचा फोन बंद केला, गाडीतच ठेवला आणि गाडी गल्लीच्या टोकाला लावून आले. दाजींना फोनशिवाय मी फार दिवसांनी पाहत होतो. हात कुठे ठेवावेत, ते त्यांना कळत नव्हतं. अर्चनानं काही न विचारता दारं-खिडक्या लावून घेतल्या. तिला वाटलं, बाहेर कुणी मारायला आलंय.

गाडीतून आणलेल्या चार्जरला टॅब लावला. निशा माझ्या बटनांच्या फोनवरून मोठ्या आवाजात सांगत होती आणि दाजींचं जाडजूड बोट त्याप्रमाणे फिरत होतं. आधी विमानाचं चिन्ह दाबा. दाबलं. आता व्हिडिओ. "उतरवलेला असला तं पूरा चालेल. नही तं नुसता धुंधला फोटो दिसेल," निशा म्हणाली. आक्कानं डोळे मिटून घेतले.

दाजींनी बोट ठेवलं, आणि माझ्या स्वयंपाकघरात आई बोलायला लागली.

"जवाईबापू! ठेवा तो फोनचा डबा खाली. मांडा गरम हाये तोवर खाऊन घ्या, थंड झाला म्हंजे चामडं होते. हात धुतले का? नही धुतले. मले माहीत व्हतं."

आणि पाठीमागून दाजींचं हसणं. मला रडू फुटलं. मी ते लपवलंही नाही. अर्चना पदरात तोंड घालून रडत होती आणि हसतही होती. आई खापरावर मांडा टाकत होती, हातभर बांगड्या वाजत होत्या, आणि ती जावयाला झापायचं थांबत नव्हती.

आक्काचंच लक्ष होतं. "मधूनच काऊन लागला हा?" ती म्हणाली. "सुरुवातीले तं ती कनीक मळते."

फोनवरून निशा म्हणाली, "आई, जिथी पाहनं थांबवलं, तिथूनच तो सुरू होतो. कोनी तरी पाह्यत असेल ना."

आम्ही सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजी डब्यातलं केळीचं पान काढून उगाचच सरळ करत होते.

"शेतात नेटवर्क नही," ते म्हणाले. "म्हनून घरी आनून उतरवून ठेवला व्हता."

"तुम्ही पाह्यचे?" आक्कानं विचारलं.

"जेवताना." मग ते पान परत डब्यात ठेवत, "तिथी एकट्याले जेवन जात नही. सासूबाई वरडल्या म्हंजे दोन घास जास्त जातात." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "बाकी काही नही."

इतका वेळ आक्काच्या मनात जे काही साठलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिलं. ती उठली, डबा बाजूला ठेवला आणि अर्चनाला म्हणाली की यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही, पानं घे.

पुढं निशानं सांगितलं तसा तो व्हिडिओ टॅबमधल्या कार्डावर घेतला. मग ती स्वतः इंदूरहून आली आणि तिनं त्याच्या इतक्या नकला केल्या की दाजी म्हणतात, आता आपली पिलबाग झाली. मी बऱ्हाणपूरला स्टुडिओत जाऊन त्यातला एक फोटो कागदावर काढून आणला. त्यात आईचं तोंड उघडं आहे, कारण ती ओरडते आहे. तोच भिंतीवर लावला. माझं नाव मात्र अजून रद्दीच आहे. बदलायला सांगितलं तर दाजी म्हणाले की एकीकडे बदललं तर सगळीकडे बदलतं, उगाच कशाला धोका घ्यायचा.

आखाजीला मागच्या अंगणात त्याच जागी चूल मांडली. टॅब कणकीच्या परातीपाशी उभा केला होता, पण आक्कानं त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. पहिला मांडा फाटला. दुसरा कोपरापर्यंत गेला आणि परत आला. तिसरा तिनं असा टाकला की मी नकळत आईकडे बघायला मान वळवली. त्या मांड्याचा घास आईच्या घागरीला दाखवला. मग पानं मांडली. आक्कानं दाजींच्या पानात वाफाळता मांडा वाढला, आणि दाजींचा हात सवयीनं खिशाकडे गेला, फोन वर आला.

"ठेवा तो डबा खाली!" चुलीकडं तोंड असलेली आक्का मागे न बघता ओरडली. "गरम हाये तोवर खा. हात धुतले का?"

आवाज टॅबमधून आला की चुलीपासून, हे मला क्षणभर कळलं नाही. टॅब तर केव्हाच बंद केला होता.  दाजींनी फोन ओट्यावर ठेवला, उठून हात धुतले आणि येऊन जेवायला बसले. त्या दिवशी त्यांना दोन मांडे जास्त गेले, आणि आक्कानं साखरेचं नावही काढलं नाही.